पैसे नाहीत, हाही गुन्हाच का?

मैत्रिणींनो, वर्गातल्या मुलींची फी गोळा करायची वेळ आली की शिक्षिकेचा जीव कसा मेटाकुटीला येतो, ते तुमच्यातल्या शिक्षिकांना सांगायला नको. मी अर्धवेळच शिकवते, पण ते काम काही चुकत नाही. एकदा यादी हातात घेऊन मी फी न भरलेल्या मुलींना उभं केलं. तिघीच होत्या. दोघी "उद्या आणते, बाई" म्हणून बसल्या. तिसरी मान खाली घालून उभीच राहिली आणि तास संपेपर्यंत मीही तिला बस म्हटलं नाही. तिच्या वडिलांचं काम सुटून दोन महिने झाले होते, हे मला नंतर कळलं. 'का गं?' एवढं विचारलं असतं, तर तेव्हाच कळलं असतं!

अलीकडे अमेरिकेतल्या एका खटल्याची हकिगत वाचली आणि ती मुलगी पुन्हा डोळ्यांपुढे आली.

जॉर्जिया राज्यातली ही गोष्ट. १९८० साली एका माणसाने घरफोडी आणि चोरीचा माल घेतल्याचा गुन्हा कबूल केला. पहिलाच गुन्हा, म्हणून कोर्टाने त्याला तुरुंगात न धाडता प्रोबेशनवर सोडलं. प्रोबेशन म्हटलं की आपल्याला नोकरीतलं पहिलं वर्ष आठवतं. इथे त्याचा अर्थ असा, की कोर्टाच्या अटी पाळून बाहेर राहायचं. अट मोडली की तुरुंग. त्याच्या अटींत ५०० डॉलर दंड आणि २५० डॉलर नुकसानभरपाई होती. शंभर त्याच दिवशी, शंभर दुसऱ्या दिवशी आणि उरलेले साडेपाचशे चार महिन्यांत भरायचे.

पहिले दोनशे त्याने आईवडिलांकडून उसने घेऊन भरले. महिन्याभरातच त्याची नोकरी गेली. नववीपर्यंत शाळेत जाऊनही त्याला वाचता येत नव्हतं. अशाला काम कोण देणार? पुष्कळ पायपीट करूनही काम मिळेना. मुदत जवळ आली, तेव्हा पैसे भरायला उशीर होईल असं त्याने प्रोबेशन कचेरीला आधी कळवलं. तरीही १९८१ मध्ये कोर्टाने प्रोबेशन रद्द केलं आणि राहिलेल्या मुदतीसाठी त्याची रवानगी तुरुंगात झाली.

तुम्ही म्हणाल, चोरी केली ना, मग भोगायला नको? भोगायलाच हवं. पण चोरीची शिक्षा आधीच ठरली होती. तुरुंग वाट्याला आला तो साडेपाचशे डॉलर नव्हते म्हणून. दुसऱ्या कुणी तेवढेच पैसे खिशातून काढून दिले असते, तर तो घरी राहिला असता.

हे प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 'बेअर्डन विरुद्ध जॉर्जिया' या नावाने ते ओळखलं जातं. २४ मे १९८३ रोजी निकाल लागला आणि तो लिहिला सँड्रा डे ओकॉनर यांनी, त्या न्यायालयातल्या पहिल्या स्त्री न्यायाधीशांनी! तीन मुलगे वाढवलेली ही बाई. १९५२ साली कायद्याची पदवी घेऊन बाहेर पडली, तेव्हा एका वकिली संस्थेने तिला देऊ केली होती ती सेक्रेटरीची जागा.

त्यांनी लिहिलेल्या निकालाचं सार असं : पैसे का भरले नाहीत, याची कोर्टाने आधी चौकशी करावी. ऐपत असून टाळत असेल, किंवा मनापासून प्रयत्नच केले नसतील, तर तुरुंगात जरूर पाठवावं. पण प्रामाणिक प्रयत्न करूनही जमलं नसेल, तर मुदत वाढवावी, दंड कमी करावा किंवा समाजोपयोगी काम करून घ्यावं. यातलं काहीच पुरेसं नसेल, तरच तुरुंग. त्यांनी आणखी एक व्यवहारी गोष्ट सांगितली. तुरुंगाच्या धाकाने माणूस पैशासाठी पुन्हा वाकड्या वाटेला जायचा!

कायदा झाला म्हणून लगेच सगळीकडे सुधारलं, असं मात्र नाही. मिसूरी राज्यातल्या फर्ग्युसन गावाबद्दलचा सरकारी अहवाल २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात एका बाईची हकिगत आहे. २००७ साली तिने गाडी चुकीच्या जागी उभी केली. दंड झाला १५१ डॉलर आणि वर शुल्क. त्यापायी पुढे तिला दोनदा अटक झाली, सहा दिवस कोठडीत काढावे लागले. तिने एकदा २५ आणि एकदा ५० डॉलर भरू पाहिले, तर पूर्ण रक्कम नाही म्हणून कोर्टाने ते परत केले. सात वर्षांत ५५० डॉलर भरूनही तिच्या नावावर ५४१ डॉलर बाकीच!

आपल्याकडेही हा प्रश्न आला आहे. १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी स्पष्ट सांगितलं, की केवळ गरिबीमुळे कर्ज फेडता येत नाही म्हणून कुणाला तुरुंगात टाकता येणार नाही. ऐपत असून बुडवण्याची बुद्धी दिसली पाहिजे. दंड भरता येत नाही म्हणून अडकून पडलेल्या गरीब कैद्यांना मदत देणारी केंद्र सरकारची योजनाही २०२३ मध्ये आली.

तेव्हा ओळखीपाळखीत, कामवालीच्या घरी असा प्रसंग आला, तर तिला एवढं नक्की सांगा : मुदत टळायची वाट पाहू नकोस. अडचण लेखी कळव आणि अर्जाची पोच घे. भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती डब्यात जपून ठेव. काम सुटल्याचा, आजारपणाचा कागद असेल तर तोही ठेव. आणि वकिलाला पैसे नाहीत म्हणून घरी बसू नकोस. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कोर्टातल्या विधी सेवा कचेरीत चौकशी करावी, नाहीतर १५१०० या क्रमांकावर फोन करावा.

आणि आपल्यापुरतं? उचल फेडायला उशीर करणारी मोलकरीण, फी न आणणारी मुलगी, भाडं थकवणारा भाडेकरू यांच्याशी आपलं रोजच काम पडतं. त्यांच्यापुढे आपणच कोर्ट असतो, नाही का? रागावायच्या आधी 'का?' विचारायला कितीसा वेळ लागतो! मी आता फीची यादी वर्गात वाचत नाही. मधल्या सुट्टीत एकेकीला बाजूला बोलावते.