छेदनबिंदूबद्दलचे काही गैरसमज

आलेख काढून समीकरणे सोडवणे म्हणजे दहावीच्या परीक्षेपुरती कसरत, असा समज पक्का आहे. रेल्वेचे वेळापत्रक आखणारे हीच कसरत कायम करतात. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर अंतर आणि प्रत्येक गाडीची एक रेषा. मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ सालच्या पुस्तकात पॅरिस–लियाँ मार्गाचा असाच आलेख छापला होता.

समजा, १५० किलोमीटरच्या मार्गावर एक गाडी ताशी ६० किमीने निघाली आणि त्याच वेळी समोरून दुसरी ताशी ४० किमीने. समीकरणे होतात य = ६०क्ष आणि य = १५० − ४०क्ष. रेषा छेदतात (१.५, ९०) वर, म्हणजे दीड तासाने, ९० व्या किलोमीटरला. रूळ दुहेरी असतील तर गाड्या शेजारून निघून जातील. एकेरी असतील आणि तिथे स्थानक नसेल, तर हीच उकल म्हणजे अपघात! मग एका गाडीला आधीच्या स्थानकात थांबवतात. तेवढा वेळ तिची रेषा आडवी जाते आणि छेदनबिंदू स्थानकावर येतो. कोकण रेल्वे बरीचशी एकेरी आहे. तिथे गाडी ‘क्रॉसिंग’ला ताटकळते ती यामुळेच.

‘रेषा कागदावर भेटल्या नाहीत, म्हणजे उकल नाही.’ छे, कदाचित कागदच अपुरा पडला असेल. निर्णय सहगुणकांवरून करावा. २क्ष + ३य = ६ आणि ४क्ष + ६य = १८ यांत डावी बाजू दुप्पट झाली, उजवी तिप्पट; म्हणून रेषा समांतर, उकल नाही. १८ च्या जागी १२ असते तर रेषा एकच, उकली असंख्य. असंख्य म्हणजे वाटेल ती जोडी नव्हे: (३, ०) चालते, (१, १) चालत नाही.

सगळ्यात फसवा समज म्हणजे पेन्सिलीला टोक असले की उत्तर अचूक येते. क्ष + य = २ आणि क्ष + १.०१य = २.०१ यांची उकल (१, १). आता २.०१ चे २.०२ करा, उकल थेट (०, २) वर उडी मारते. रेषा जवळजवळ समांतर असल्याने त्या नेमक्या कुठे छेदतात हे डोळ्यांना कळतच नाही. इथे ताळाही दगा देतो: (०, २) ही चुकीची जोडी मूळ समीकरणांत घातली, तर पहिले बरोबर जुळते आणि दुसरे अवघ्या ०.०१ ने चुकते. अशा वेळी आलेखाचा कागद बाजूला ठेवून एका समीकरणातून दुसरे वजा करावे, ०.०१य = ०.०१ मिळते.