शिट्टीवाले काका काय पाहतात?

मुलांनो, एप्रिल-मे म्हणजे वाशिमकडचं कडक ऊन! अंगाची लाही लाही होते आणि पोरं पाण्याकडे धाव घेतात. आपल्या वऱ्हाडात कित्येक पिढ्या गावच्या विहिरीतच पोहायला शिकल्या. पाठीला वाळका भोपळा नाहीतर पत्र्याचा बंद डबा, आणि काठावर डोळ्यांत तेल घालून उभे असलेले काका नाहीतर मामा. शहरातल्या जलतरण तलावावर हेच काम करतो तो जीवरक्षक.

"त्यांना काय काम? खुर्चीवर बसायचं अन् शिट्टी फुंकायची!" असं वाटतं ना? पण त्यांचा दिवस तलाव उघडण्याआधीच सुरू होतो. पाण्यात क्लोरीन पुरेसं आहे का? ट्यूब, दोर, लांब बांबू, प्रथमोपचाराची पेटी जागेवर आहे का? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, तलावाचा तळ स्पष्ट दिसतो का? पाणी गढूळ असेल, तर तळाशी गेलेलं मूल दिसणार कसं?

मग सुरू होतं खरं काम : पाहणं. आपल्या वाट्याच्या पाण्यावरून दर दहा सेकंदांत एकदा नजर फिरवायची आणि कुणी संकटात दिसलं, तर पुढच्या वीस सेकंदांत तिथं पोचायचं, असा एक नियम जगभर शिकवतात.

एवढी घाई कशाला? सिनेमात बुडणारा माणूस "वाचवा, वाचवा!" ओरडतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तो ओरडूच शकत नाही. तोंड पाण्याबाहेर येतं तेवढ्यात जेमतेम श्वास घेता येतो. हात हलवून बोलावणंही जमत नाही, कारण ते पाणी खाली दाबण्यात गुंतलेले असतात. मिनिटाभरात, कधी त्याहूनही लवकर, सारं शांत होतं. शेजारी पोहणाऱ्यालाही पत्ता लागत नाही!

म्हणूनच ओल्या फरशीवर धावलात, उथळ पाण्यात सूर मारलात, श्वास कोंडण्याची पैज लावलीत, की शिट्टी वाजते. रागावू नका हं!

पण विहिरीवर, धरणावर ही शिट्टी नसते. तिथं मोठ्या माणसांशिवाय जायचंच नाही. कुणी बुडताना दिसलं, तर स्वतः उडी मारू नका. घाबरलेला माणूस मिठी मारतो आणि दोघंही बुडतात. मोठ्यानं हाका मारा. दोर, काठी, रिकामा बंद डबा, जे हाताशी असेल ते काठावरूनच पुढं करा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

आणि आई-बाबा, मुलं पाण्यात असताना मोबाइल खिशातच बरा. त्या वेळी जीवरक्षक तुम्हीच!