टोपली खाली ठेवणाऱ्या भगिनी

उज्जैन नगरीच्या रेल्वे स्थानकानजीक देवास गेट नावाचा गजबजलेला भाग आहे. महाकालेश्वराच्या दर्शनास आलेले कित्येक यात्रेकरू येथूनच शहरात शिरतात. आणि त्याच्या नावातच सुमारे ४० किलोमीटरवरील देवास नगराची वाट आहे. दर बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थात तर क्षिप्रेच्या तीरी माणसांचा सागर लोटतो. एवढा जनसमुदाय येऊन गेल्यावर नगरी पुन्हा स्वच्छ कोण करते, हा प्रश्न मात्र फारच थोड्यांच्या मनात येत असेल. त्याचे उत्तर शोधू लागले म्हणजे देवासच्या वाटेवर काही भगिनींची कथा भेटते. ती वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटते.

माळव्यातील कित्येक गावांत कोरडे संडास हाताने साफ करण्याचे काम दलित स्त्रियांकडे पिढ्यानपिढ्या चालत आले होते. ज्या घरांचा मैला उचलावयाचा, त्या घरांवरील हक्कास ‘जागीर’ म्हणत. शब्द केवढा भारदस्त, आणि वस्तू कोणती! ही जागीर सासू सुनेच्या हाती देई. प्रसंगी ती विकली अथवा गहाणही टाकली जाई. मोबदला म्हणून बहुधा शिळी पोळी मिळे, तीही दुरून हातावर टाकलेली. पावसाळ्यात डोक्यावरील टोपली पाझरे आणि घाण अंगावर ओघळे.

१९९३ साली संसदेने या प्रथेवर कायद्याने बंदी घातली. परंतु कायदा दिल्लीत होतो, आणि टोपली गल्लीत उचलली जाते. २०११ च्या जनगणनेतही माणसाकरवी साफ होणारे सुमारे ८ लाख संडास देशात आढळले. मग कागदावरील बंदी गल्लीपर्यंत आणावयाची कोणी? या शतकाच्या आरंभी देवास येथील ‘जन साहस’ या संस्थेचे आसिफ शेख व त्यांचे सहकारी या भगिनींच्या वस्तीत जाऊ लागले. हे काम आपल्याच वाट्याला का आले, याचा विचार त्या स्त्रियांनी एकत्र बसून करावा, एवढेच त्यांनी प्रथम साधले. त्यातूनच ‘राष्ट्रीय गरिमा अभियान’ उभे राहिले. गरिमा म्हणजे माणसाची प्रतिष्ठा. गावोगावी स्त्रियांनी आपल्या टोपल्या चारचौघांत जाळल्या.

हे धैर्य स्वस्त नव्हते. काम सोडणाऱ्या स्त्रीस धमक्या येत, रोजची पोळी बंद होई, आणि दुसरे काम मिळता मिळत नसे. विपरीत गोष्ट अशी की, अस्वच्छ व्यवसाय करणाऱ्यांच्या मुलांसाठी सरकारने जी शिष्यवृत्ती ठेविली होती, ती आईने तो व्यवसाय चालू ठेवला तरच मिळे. टोपली टाकली की मुलाचे साहाय्य बंद! म्हणून या भगिनींनी एकटीने नव्हे, तर समूहाने पाऊल उचलले. आणि मुक्त झालेली स्त्री पुढच्या गावी जाऊन दुसरीस धीर देऊ लागली. ३० नोव्हेंबर २०१२ रोजी भोपाळहून निघालेली त्यांची ‘मैला मुक्ती यात्रा’ १८ राज्ये फिरून ३१ जानेवारी २०१३ रोजी दिल्लीस पोहोचली. त्याच वर्षी संसदेने अधिक कडक असा नवा कायदा केला.

हे दुःख केवळ आपल्याच देशाचे नव्हे. १९७२ साली मुंबईतील तरुणांनी आपल्या संघटनेस ‘दलित पँथर’ हे नाव दिले, ते अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ‘ब्लॅक पँथर’वरून. दूरदेशीची वेदना त्यांस आपली वाटली, याला कारण होते. १ फेब्रुवारी १९६८ रोजी अमेरिकेतील मेम्फिस शहरी पावसापासून आडोसा शोधणारे दोन कृष्णवर्णीय सफाई कामगार कचरागाडीच्या यंत्रात चिरडून मृत्यू पावले. तेव्हा सुमारे १,३०० कामगारांनी संप पुकारला. ‘मी माणूस आहे’ एवढेच त्यांच्या फलकांवर लिहिलेले असे. त्यांना साथ देण्यास गेलेले पास्टर मार्टिन ल्यूथर किंग ४ एप्रिल रोजी तेथेच गोळीस बळी पडले. परंतु १६ एप्रिल रोजी कामगारांच्या संघटनेस मान्यता मिळाली. पुढे १९८२ साली नॉर्थ कॅरोलायनातील वॉरन परगण्यात, बहुसंख्य कृष्णवर्णीयांच्या वस्तीजवळ, विषारी माती पुरण्याचे ठरले, तेव्हा लोक रस्त्यावर आडवे पडले. ५०० हून अधिक जणांस अटक झाली. माती तेथेच पुरली गेली खरी, पण १९८७ साली तेथील एका ख्रिस्ती पंथाच्या आयोगाने पाहणी करून दाखविले की, विषारी कचऱ्याची जागा ठरविण्यात लोकांचा वर्ण हेच सर्वांत मोठे कारण दिसते. समाज ज्यास हीन लेखतो, त्याच्याच दारी आपली घाण नेऊन टाकतो, हा न्याय माळव्यात आणि मेम्फिसमध्ये एकच.

आमच्या धर्मसभेनेही याविषयी मौन पाळलेले नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या परिपत्रकात पृथ्वीचे दुःख व गरिबांचे दुःख वेगळे मानू नये असे शिकविले. २०१६ साली भारतातील कॅथोलिक बिशपांनी जातिभेदास घोर सामाजिक पाप म्हटले. परंतु ही वचने आपल्या घराच्या परसापर्यंत आली आहेत काय? शौचटाकी तुंबली म्हणजे चार पैसे वाचविण्यासाठी आपण एखाद्या गरिबास आत उतरवितो. आतील विषारी वायूने तो क्षणात मूर्च्छित होतो. त्यास काढावयास गेलेलाही पुष्कळदा परत येत नाही. संरक्षक साधनांवाचून असे काम करविणाऱ्यास, मग तो सामान्य घरमालक का असेना, २०१३ च्या कायद्यान्वये पहिल्याच अपराधास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. गटारात मृत्यू आल्यास कुटुंबास ३० लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली फर्माविले. पण पैशाने घरचा कर्ता परत येत नाही.

प्रभू येशूने शेवटच्या भोजनाच्या रात्री सेवकाचे काम स्वतः पत्करून शिष्यांचे पाय धुतले. पवित्र गुरुवारी आपण तो विधी भक्तिभावाने पाहतो. तो पाहून घरी परतल्यावर एवढे तरी करावे: टाकी यंत्रानेच उपसवून घ्यावी, मग खर्च अधिक का येईना, सफाई करणाऱ्यास नावाने हाक मारावी, पाण्याचा पेला आपल्याच भांड्यातून द्यावा, आणि त्याचा मुलगा आपल्या मुलाच्या शेजारी बाकावर बसतो की नाही, याची चौकशी करावी. त्या भगिनींनी टोपली खाली ठेविली आहे. ती पुन्हा कोणाच्या डोक्यावर चढू नये, हे पाहणे आता आपल्याकडे आहे.