सरासरीचा भरवसा आणि समुद्रातील बर्फ



‘सरासरी’ या शब्दावर कामगाराचा फारसा विश्वास नसतो. मुंबईच्या कापडगिरण्या चालू होत्या त्या काळी कायम कामगार आणि बदली कामगार असे दोन वर्ग होते. समजा, दोघांची वर्षाची मजुरी सारखीच भरली. तरी वर्षअखेर कायमवाला जागच्या जागी राही आणि बदलीवाला कर्जात जाई. काम न मिळालेल्या महिन्यात तो सावकाराचे दार गाठी. पुढे चार पैसे अधिक आले तरी ते व्याजातच जात. दक्षिण ध्रुवाकडील बर्फाचा हिशेब काहीसा असाच आहे.

हा प्रदेश आपल्याला अगदीच परका नाही. ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय तुकडी गोव्याहूनच तिकडे निघाली. आज या मोहिमांचा कारभार वास्को येथील ध्रुवीय संशोधन केंद्र पाहते. आपले पहिले ठाणे, ‘दक्षिण गंगोत्री’, तरंगत्या बर्फावर उभारले होते. ते काही वर्षांतच हिमाखाली गाडले गेले. दुसरे, ‘मैत्री’, खडकावर उभे केले.

तरंगता बर्फ आणि जमिनीवर टेकलेला बर्फ हा भेद महत्त्वाचा आहे. तरंगता बर्फ वितळला तर समुद्र जवळजवळ वाढत नाही. टेकलेला बर्फ समुद्रात उतरला की वाढतो. पश्चिम अंटार्क्टिकात, म्हणजे आपल्या ठाण्यांपासून फार दूर, बर्फाचे प्रचंड थर समुद्रसपाटीच्या खाली असलेल्या तळावर टेकले आहेत. त्यातही मेख अशी, की अनेक ठिकाणी हा तळ आत जावे तसा अधिक खोल होतो. बर्फ जेथे तळ सोडून तरंगू लागतो ती सीमा मागे सरकली, की ती अधिक खोल जागी आणि अधिक जाड बर्फावर येते. जाडी वाढली की बाहेर वाहणारा बर्फ बेसुमार वाढतो. एका गणितानुसार जाडी दुप्पट झाली तर प्रवाह वीसपटींहून अधिक होतो. म्हणून सीमा आणखी मागे जाते. हा धोका वीर्टमन यांनी १९७४ साली मांडला. शूफ यांनी २००७ साली त्याला भक्कम गणित दिले. पुढचा तरंगता बर्फ दोन्ही काठांत अडकून मागच्याला थोपवून धरतो, तेवढाच आधार.

आता वारे दरवर्षी सारखे नसतात. एखाद्या वर्षी उबदार खोल पाणी बर्फाखाली अधिक शिरते, एखाद्या वर्षी कमी. हिमवर्षावही कमीजास्त होतो. तळाचा उतार अनुकूल असेल तर सीमा मागेपुढे होऊन जागेवर येते. उतार उलटा असेल तर वाईट वर्षांची खोट चांगली वर्षे भरून काढतीलच असे नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले, की अशा ठिकाणी भविष्याचा अंदाज अधिक अनिश्चित तर होतोच, शिवाय तो अधिक नुकसानीच्या बाजूला कलतो.

थ्वेट्स ही एकच हिमनदी पूर्ण गेली तर जगाचा समुद्र सुमारे ६५ सेंटिमीटर चढेल. हे उद्या घडणार नाही. त्याला पिढ्या लागू शकतील. परंतु बंदरे आणि वस्त्याही पिढ्यांसाठीच बांधल्या जातात. फर्दापूरला समुद्र दिसत नाही हे खरे. पण पोटासाठी मुंबईला गेलेली आपली माणसे सखल वस्त्यांतच राहतात.

तेव्हा किनाऱ्याच्या योजना आखणाऱ्यांनी सरासरीचा आकडा पुढे केला, तर आपण विचारावे: वाईटातले वाईट किती, आणि ते सोसायचे कोणी?