क्लाउन लोच घरी आणताय? महिनाभर थांबा!

कुर्ल्याच्या फिश मार्केटमध्ये क्लाउन लोच दिसला की पाकीट आपोआप उघडतं. नारिंगी अंग, तीन काळे पट्टे, लांबी बोटाएवढी. एकदम क्यूट! पण नीट सांभाळला तर हा मासा वीस वर्षं सहज जगतो. म्हणजे तुमच्या होम लोनइतकी कमिटमेंट. ती टिकणार की नाही, हे बहुतेक वेळा पहिल्या महिन्यातच ठरतं.

यातले बरेच मासे आजही फार्ममधले नसतात, सुमात्रा आणि बोर्निओच्या नद्यांमधून पकडलेले असतात. नदी, गोदाम, विमान, दुकान असा प्रवास करून मासा पार गळाठलेला असतो आणि अंगावर बिनतिकीट प्रवासीही असतात. त्यातला नंबर वन म्हणजे ‘इक’, आपल्या दुकानदारांच्या भाषेत व्हाइट स्पॉट. अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके.

हा ठिपका म्हणजे माशाच्या कातडीत बसून आरामात जेवणारा परजीवी. तिथे त्याला औषध शिवतही नाही. पोट भरलं की तो गळून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत त्याची शेकडो पिल्लं तयार होतात. ती नवा मासा शोधायला बाहेर पडतात, तेव्हाच औषधाच्या तावडीत सापडतात. म्हणून ‘ठिपके गेले, आजार गेला’ हा समज साफ चुकीचा! मंगळवारी चकाचक दिसणारा मासा वीकएण्डला पुन्हा ठिपक्यांनी भरतो. शेवटचा ठिपका गेल्यावरही मी आठवडाभर उपचार चालूच ठेवतो.

माझा सेटअप अगदी साधा आहे. वेगळा टँक, तळाला खडी नाही, स्पंज फिल्टर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. नवा मासा चार आठवडे इथेच. ठिपके दिसले की दोन दिवसांत हळूहळू पाणी ३० अंशांवर न्यायचं. उबेत परजीवीचं चक्र भराभर फिरतं. मात्र कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, तेव्हा एअर पंप फुल्ल. (गोल्डफिशवर हा प्रयोग नको, त्याला गारवाच लागतो.) रोज तळ सायफनने साफ करायचा. मॅलाकाइट ग्रीनचं औषध वापरणार असाल, तर लोचचे खवले अगदी बारीक असल्याने मी लेबलवरच्या निम्म्या डोसनेच सुरुवात करतो, तेही ग्लव्हज घालून. फिल्टरमधला कार्बन आधी काढा, नाहीतर तो औषधच शोषून घेतो.

ठिपके नाहीत, पण मासा पाइपवर अंग घासतोय, धापा टाकतोय? मग संशय कल्ल्यांमधल्या फ्लूक्सवर. हे बारीक जंत आहेत आणि त्यांच्यावर प्राझिक्वान्टेल चालतं. त्यांची अंडी औषधाला दाद देत नाहीत, त्यामुळे आठवड्याने दुसरा डोस हवाच.

आणि हो, रात्री ऑफिसमधून आल्यावर नवा लोच तळाशी आडवा पडलेला दिसला तर लगेच फ्लश करायला धावू नका. तो झोपतोच तसा. कल्ले हलताहेत ना, एवढं बघा आणि लाइट बंद करा.