रोजची शीट आपोआप बनवताना : टोमॅटोच्या हिशोबातून शिकलेल्या गोष्टी

आजचा विषय ऐकायला जरा रुक्ष आहे. वर्कफ्लोच्या साधनातून ऑनलाइन शीट आपोआप कशी तयार करायची, एवढंच आज बघायचं आहे. पण आपण सुरुवात करू नारायणगावच्या टोमॅटो बाजारापासून.

जुन्नर बाजार समितीचा नारायणगावचा हा उपबाजार तुम्हाला माहीत आहेच. हंगामात पुणे-नाशिक रस्त्यावर क्रेटनं भरलेल्या टेम्पोंची रांग लागते. एका क्रेटमध्ये साधारण २० किलो माल. २०२३ च्या जुलैमध्ये याच क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला होता, आणि हाच क्रेट शंभर-दीडशेला विकावा लागल्याचे दिवसही शेतकऱ्यानं पाहिलेत. म्हणजे एक क्रेट हिशोबातून निसटला तर किती नुकसान झालं, हे त्या दिवसाच्या भावावर ठरतं. म्हणून तारीख आणि क्रेट, या दोन गोष्टी चुकून चालत नाहीत.

आम्ही ज्या कामाबद्दल बोलतोय ते आंबेगाव तालुक्यातल्या एका छोट्या शेतकरी गटाचं. दोन ठिकाणी माल जमा व्हायचा, एकाच गाडीतून नारायणगावला जायचा, आणि विक्रीनंतर प्रत्येकाची पट्टी निघायची. जमा करणारा वहीत लिहायचा, वहीचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचा आणि गटातली एक मुलगी संध्याकाळी कॉलेजमधून आल्यावर शीट भरायची. रोज कालच्या शीटची कॉपी काढायची, कालचे आकडे पुसायचे, नाव बदलायचं. एक दिवस दोन ओळी पुसायच्या राहिल्या आणि आदल्या दिवशीचे क्रेट पुन्हा मोजले गेले. त्यावर गटानं विचारलं, हे आपोआप होईल का?

होतं. पण आधी एक उलटा प्रश्न विचारा : रोज नवी शीट हवीच कशाला? स्प्रेडशीट ही मुळात हिशोबाच्या मोठ्या कागदाची नक्कल आहे. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचं व्हिजिकॅल्क आलं, तेव्हा त्या कागदाला आपोआप बेरीज करता येऊ लागली. २००६ मध्ये गुगलनं तो कागद ब्राउझरमध्ये आणला, तेव्हा एकाच वेळी चार जणांना त्यावर लिहिता येऊ लागलं. पण सवय राहिली कागदाचीच, रोज नवं पान. खरं तर सगळ्या नोंदी एकाच शीटमध्ये, तारखेचा रकाना ठेवून, लिहिणं जास्त बरं. गुगल शीटमध्ये एका फाइलला एक कोटी चौकटींची मर्यादा आहे. छोट्या गटाला ती काही वर्षं तरी अडत नाही.

नवी शीट लागते ती तीन कारणांनी. एक, ती वेगळ्या माणसाला दाखवायची असते आणि बाकीचं त्याला दाखवायचं नसतं. दोन, दिवस संपला की ती बंद करायची असते, कुणी मागे जाऊन आकडा बदलू नये म्हणून. तीन, तीवर सही-शिक्का घेऊन ती जपायची असते. या गटाला दुसरं कारण लागू होतं, म्हणून आम्ही रोजची शीट ठेवली. तुमच्याकडे तिन्हीपैकी एकही कारण नसेल, तर आज घरी जा आणि एकच मोठी शीट करा. निम्मं व्याख्यान वाचलं!

आता साखळी कशी असते ते बघू. झॅपियर घ्या, एन-एट-एन घ्या, झोहो फ्लो घ्या, नाहीतर गुगलची स्वतःची ॲप्स स्क्रिप्ट घ्या. नावं वेगळी, सांगाडा तोच. पहिली कडी म्हणजे चालना : ठरलेली वेळ झाली किंवा कुणी फॉर्म भरला की काम सुरू होतं. दुसरी, नमुना शीटची कॉपी. कोऱ्या शीटमध्ये सूत्रं नसतात, म्हणून रकाने आणि सूत्रं तयार असलेला नमुना ठेवायचा आणि त्याचीच कॉपी काढायची. तिसरी, नाव आणि फोल्डर. चौथी, परवानगी, म्हणजे कोण लिहील आणि कोण फक्त बघेल. पाचवी, त्या शीटचा ओळख-क्रमांक एका नोंदवहीत लिहून ठेवणं. सहावी, संबंधितांना लिंक पाठवणं.

यातली पाचवी कडी बहुतेक लोक गाळतात. आम्हीही गाळली होती, आणि तिथंच फसलो.

झालं काय, आम्ही चालना ठेवली होती दिवसाच्या पहिल्या नोंदीवर. पहिला फॉर्म आला की आजची शीट आहे का बघायचं, नसेल तर बनवायची. कागदावर अगदी बरोबर. पण एका पहाटे दोन्ही केंद्रांवरून जवळजवळ एकाच क्षणी फॉर्म आले. पहिल्यानं बघितलं, शीट नाही. दुसऱ्यानंही बघितलं, शीट नाही. दोघांनी आपापली बनवली. गुगल ड्राइव्ह एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली आनंदानं ठेवून घेतो, तक्रार करत नाही. पुढच्या काही नोंदी एकीत गेल्या, काही दुसरीत. पट्टी निघाली एकीवरून. एका शेतकऱ्याचे १४ क्रेट त्या पट्टीत नव्हते. क्रेट गाडीत चढले होते, विकलेही गेले होते. फक्त हिशोबात नव्हते.

तो माणूस आमच्याकडे आला आणि भांडला नाही. एवढंच म्हणाला, "वहीत होतं तवा दिसत तरी होतं. आता कुठं बघायचं?" पैसे दोन दिवसांत मिळाले, कारण जमा करणाऱ्यानं सवयीनं वहीतही लिहून ठेवलं होतं. पण तो प्रश्न आम्ही विसरलो नाही. आपोआप होणारं काम चुकतं तेव्हा ते गुपचूप चुकतं. वहीतली खाडाखोड दिसते, इथली दिसत नाही.

मग आम्ही काय बदललं?

पहिलं, चालना नोंदीवरून काढून घड्याळावर ठेवली. आदल्या रात्री ९ ते १० च्या दरम्यान उद्याची शीट तयार होते. पहाटे कुणालाच काही बनवायचं उरत नाही, फक्त लिहायचं. ॲप्स स्क्रिप्टमध्ये रोजची चालना नेमक्या मिनिटाला लागत नाही, निवडलेल्या तासात कधीतरी लागते. म्हणून पहाटेची वेळ टाळलेली बरी.

दुसरं, आधी नोंदवही बघायची, मगच बनवायचं. तारखेला एकच ओळ. ओळ असेल तर त्याच क्रमांकाची शीट वापरायची, नावावरून शोधायचं नाही. एखाद्यानं चुकून ते काम दोनदा चालवलं तरी दुसरी शीट बनत नाही. दोन कामं एकाच वेळी धावण्याची शक्यता असेल, तर ॲप्स स्क्रिप्टमध्ये कुलपाची सोय आहे : एक आत असेपर्यंत दुसरा दाराबाहेर थांबतो.

तिसरं, घड्याळाचं ठिकाण. जवळच खोडदला मोठी दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची. त्या सगळ्यांची वेळ एकमेकींशी जुळली नाही तर आकाशाचं चित्र उमटणार नाही. आपलंही तसंच. पुष्कळ साधनं जागतिक वेळेवर चालतात, आणि ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. म्हणजे पहाटे साडेपाचच्या आधी आलेल्या नोंदीवर कालची तारीख पडते. एन-एट-एन स्वतःच्या सर्व्हरवर बसवलं आणि काही सांगितलं नाही, तर ते न्यूयॉर्कची वेळ धरतं! सेटिंगमध्ये भारतीय वेळ निवडा, आणि तपासायला मुद्दाम पहाटे पाच वाजता एक खोटी नोंद करा. दुपारी तपासलं तर ही चूक सापडणार नाही.

चौथं, नमुना. नमुन्यातली चूक रोज नव्यानं जन्माला येते. आमच्या पहिल्या नमुन्यात शेतकऱ्याकडून कापायच्या आडतीचा रकाना होता, कुठल्या तरी जुन्या पट्टीवरून उचललेला. फळं-भाजीपाल्यावरची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं राज्य सरकारनं २०१६ मध्येच ठरवलंय. रकाना रिकामा होता म्हणून निभावलं. तेव्हा नमुन्यातल्या प्रत्येक कपातीपुढे ती का आहे, हे ज्याचे पैसे कापले जातात त्याला विचारून ठरवा.

पाचवं, मालकी आणि परवानगी. ज्याच्या खात्यातून साखळी चालते, शीट त्याच्या नावावर होते. ती मुलगी उद्या नोकरीला पुण्याला गेली आणि खातं बंद केलं तर? म्हणून गटाचं स्वतंत्र खातं काढा, आणि त्याचा पासवर्ड दोघांकडे ठेवा. आणि "लिंक असेल तो कुणीही बघेल" ही सोय हिशोबाला वापरू नका. त्या शीटमध्ये लोकांचे मोबाइल आणि बँक खाते क्रमांक असतात.

शेवटचं, बिघाड. रात्री शीट बनली नाही तर दहा वाजता फोनवर निरोप आला पाहिजे. आणि बनली तरीही यावा : "उद्याची शीट तयार, नमुन्याप्रमाणे." म्हणजे निरोप आला नाही की काहीतरी अडलंय हे कळतं. फक्त बिघाडाचाच निरोप ठेवला, तर सगळं बंद पडल्यावर निरोप पाठवणारंही बंद पडलेलं असतं.

वही आम्ही बंद केलेली नाही. डिंभ्याच्या वरच्या अंगाला पावसाळ्यात नेटवर्क जातं, तेव्हा वहीच लागते. आता रोज संध्याकाळी वहीतली क्रेटची बेरीज आणि शीटमधली बेरीज गटापुढे मोठ्यानं वाचतात. जुळली तर पट्टी निघते, नाही तर नाही. याला पाच मिनिटं लागतात. ही पाच मिनिटं आपोआप करायला आम्हाला दोनदा सांगितलं गेलं. आम्ही दोन्ही वेळा नाही म्हणालो. "कुठं बघायचं?" या प्रश्नाचं उत्तर त्या वाचनात आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.