नऊ टाक्या हवा

पेणकरपाड्यातून सकाळी मुंबईकडे निघालेली मोटरसायकल दहिसर चेकनाक्याआधीच रेंगाळते. पुढे डंपर, बाजूला आरएमसीचा मिक्सर, वर मेट्रो-९चा पूल. चालवणाऱ्याच्या नाकाला रुमाल असतो. इंजिनाच्या नाकाला काय बांधायचे हा प्रश्न मात्र गॅरेजवर निघतो, तोही भलत्याच शब्दांत: ‘कुठला फिल्टर टाकला की पिकअप वाढेल?’

आधी हिशेब पाहू. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. लिटरभर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास, म्हणजे हवा अकरा किलो. घनफळात ती नऊ हजार लिटर भरते. गच्चीवरच्या हजार लिटरच्या नऊ टाक्या! धडधाकट माणूस दिवसभरात जवळपास एवढीच हवा ओढतो.

या हवेतली बारीक खडी कुठलीही जाळी अडवते. इंजिनाची वाट लावते ती पाच-दहा मायक्रॉनची, डोळ्यांना न दिसणारी धूळ. (माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा.) ती रिंग आणि सिलिंडर यांच्यामधल्या तेलाच्या पातळ थरात शिरते आणि पॉलिश पेपरसारखी घासत राहते. वाळूतले क्वार्ट्झ मोह्‌सच्या काठिण्य मापनात ७वर, आपल्या काळ्या दगडातले फेल्डस्पार ६वर. ओतीव लोखंडाला दोन्ही ओरखडतात. पुढे गाडी तेल खाऊ लागते, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, आणि बोअरचे काम निघते. त्या बिलावर फिल्टरचे नाव कुठेच नसते.

म्हणून फिल्टर निवडताना पहिला प्रश्न ‘किती हवा सोडतो’ हा नव्हे, ‘किती धूळ अडवतो’ हा. आयएसओ ५०११ या चाचणीत ठरावीक प्रतीची धूळ सोडून तीन गोष्टी मोजतात: धूळ किती अडली, हवेला अडथळा किती झाला आणि तुंबेपर्यंत किती धूळ मावली. खोक्यावर नुसतेच ‘जास्त हवा’ छापलेले असेल, तर उरलेल्या दोन आकड्यांबद्दल विक्रेत्याला विचारावे. तो बहुधा हसेल.

कंपनीचा घडीदार कागद दिसायला बावळट, पण बारीक धुळीत तोच तरबेज. गंमत म्हणजे थोडी धूळ बसल्यावर तो आणखी चांगले गाळतो, कारण बसलेली धूळच पुढच्या धुळीची चाळणी होते. दर आठवड्याला हवा मारून तो ‘साफ’ करण्यात त्यामुळे अर्थ नाही. जोराच्या झोताने कागद फाटतो तो वेगळाच. काही गाड्यांत तेल मुरवलेला कागद असतो. तो धुवायचा नाही, हवा मारायची नाही, मॅन्युअलमधल्या किलोमीटरला बदलून टाकायचा.

तेल लावलेला फोम कच्च्या रस्त्यांवर भरपूर धूळ पोटात घेतो. मात्र पेट्रोलने धुतला तर त्याचे जोड सुटू शकतात. तिसरा प्रकार तेल लावलेल्या सुती जाळीचा. केन जॉन्सन आणि नॉर्म मॅकडोनाल्ड यांच्या नावांवरून १९६९मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या के अँड एन कंपनीने तो घरोघरी पोचवला. तो धुऊन वर्षानुवर्षे वापरता येतो, पण नीट वाळवून आणि बेताचे तेल लावूनच. ज्याला ही उठाठेव जमणार नाही, त्याने कागदाशीच इमान राखावे.

मग पिकअपचे काय? अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९मध्ये इंजेक्शनच्या मोटारींवर मुद्दाम तुंबवलेले फिल्टर लावून पाहिले. मायलेजमध्ये लक्षणीय फरक पडला नाही. वेग घेण्याची ताकद मात्र घटली. चाचण्या मोटारींच्या होत्या, तरी बोध दुचाकीलाही लागू आहे: तुंबलेला फिल्टर बदलला की गाडी हलकी वाटते, आणि त्याचे श्रेय नव्या ब्रँडला जाते.

एअरबॉक्स, म्हणजे फिल्टरचा मूळ डबा, काढून उघडा कोन फिल्टर लावण्याची हौस वेगळीच. आवाज भारदस्त येतो, त्यालाच बरेच जण ताकद समजतात. कार्ब्युरेटरच्या गाडीत मिश्रणात हवेचे प्रमाण वाढते, प्लग पांढरा पडतो, इंजिन तापते. जेट बदलल्यावाचून गत्यंतर नसते. एप्रिल २०२०नंतरच्या बीएस-६ गाड्यांत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, थोडेफार सांभाळून घेतो, सगळे नाही. शिवाय कोन बसतो तो इंजिनाच्या उष्णतेत आणि जुलैत चाकाने उडवलेल्या पाण्यात. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून गाडीला मान्यता मिळते ती त्या ‘कुरूप’ डब्यासकट.

दुसऱ्या कंपनीचा घ्यायचाच, तर मूळ डब्यात चपखल बसणारा घ्यावा. त्याच्या कडेच्या रबराला फट राहिली, तर आतला कागद कितीही भारी असो, धूळ वळसा घालून आत जाते. तपासायची रीत सोपी: डब्यातून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत, फिल्टरच्या पलीकडे, आतून ग्रीसचा पुसट हात द्यावा. आठवडाभर घोडबंदर रस्त्याने गाडी फिरवून डबा उघडावा आणि पांढऱ्या चिंधीने ते ग्रीस पुसावे. चिंधीवर कचकच लागली, तर फिल्टर परत दुकानात.